लिटरमागे २५ ग्रॅम आणि पाल्याचा भाव

एका लिटरमागे २५ ग्रॅम. एप्रिल २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हा आकडा छापून आला, तेव्हा संश्लेषी जीवशास्त्राच्या, म्हणजे सजीवांत नवी जनुकं बसवून हवे ते पदार्थ बनवून घेणाऱ्या शास्त्राच्या, वर्तुळात तो विजयाच्या बातमीसारखा वाचला गेला. आर्टेमिसिनिन या हिवतापावरच्या सर्वांत महत्त्वाच्या औषधाचा पूर्वपदार्थ, म्हणजे आर्टेमिसिनिक आम्ल, शेतातल्या झाडाऐवजी यीस्टच्या टाकीत तयार होत होता. तोही चिमूटभर नाही, कारखाना चालेल इतका. त्याच वर्षी कारखाना सुरूही झाला. पण २०१५ साली त्या कारखान्यातून हे औषधद्रव्य किलोभरही बाहेर पडलं नाही, आणि २०१६ च्या सुरुवातीला तो विकला जात असल्याची बातमी आली.

या प्रकरणाचे दोन सारांश नेहमी ऐकू येतात. एक म्हणतो, विज्ञान जिंकलं आणि बाजारानं घात केला. दुसरा म्हणतो, साध्या पाल्यानं कोट्यवधी डॉलरच्या जैवतंत्रज्ञानाला धूळ चारली. मला दोन्ही उतावळे वाटतात. शर्यत यीस्ट विरुद्ध झाड अशी मांडली गेली हे खरं, पण यीस्टला पुढे जाताना प्रत्येक अडचणीचं उत्तर त्या झाडाकडेच मागावं लागलं. आणि यीस्ट उत्तरं शोधत होतं तेव्हा झाडही एका जागी थांबलेलं नव्हतं.

झाड आणि रेणू

झाडाचं शास्त्रीय नाव आर्टेमिसिया अॅनुआ. दवणा ज्या प्रजातीत (जीनसमध्ये) मोडतो त्याच प्रजातीतलं, पण वर्षभरात जगून संपणारं. चिनी वैद्यकात त्याला छिंगहाओ म्हणतात. २३ मे १९६७ रोजी चीनमध्ये ‘प्रकल्प ५२३’ सुरू झाला. तारखेवरूनच त्याचं नाव पडलं. हिवतापावर नवं औषध शोधणं हे त्याचं काम होतं. चिनी औषधशास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटानं सुमारे २०० वनस्पतींचे ३८० हून अधिक अर्क तपासले. छिंगहाओचा अर्क कधी गुण दाखवायचा, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या औषधी ग्रंथात एक ओळ होती: मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवा, पिळून रस काढा आणि पिऊन टाका. यात उकळणं कुठेच नव्हतं. तू यूयू यांनी उकळण्याऐवजी कमी तापमानाला ईथरनं अर्क काढला, आणि ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या नमुन्यानं उंदरांमधल्या हिवतापाचे परजीवी पूर्णपणे नष्ट केले. २०१५ च्या वैद्यक नोबेलचा अर्धा वाटा त्यांना मिळाला.

उष्णतेनं गुण का जायचा, हे रेणूची रचना उलगडल्यावर नीट समजलं. आर्टेमिसिनिनमध्ये १५ कार्बन, २२ हायड्रोजन आणि ५ ऑक्सिजन आहेत, आणि त्यातले दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडून रेणूच्या आत पूल बांधतात. हा पेरॉक्साइडचा पूल रसायनाच्या भाषेत तकलादूच. पण औषधाचा गुण त्याच्यातच आहे. हिवतापाचा परजीवी रक्तातलं हिमोग्लोबिन पचवतो, त्यातून लोहयुक्त हीम मोकळं होतं, त्या लोहाशी गाठ पडताच हा पूल तुटतो आणि तयार झालेले क्रियाशील तुकडे परजीवीच्या प्रथिनांवर तुटून पडतात. असा रेणू प्रयोगशाळेत शून्यापासून बांधणं १९८३ मध्येच जमलं होतं. पण पायऱ्या इतक्या, की त्या वाटेनं गरिबाला परवडेल असं औषध निघणं शक्य नव्हतं.

म्हणजे उरलं झाड. पानांवर सूक्ष्म ग्रंथिल केस असतात, प्रत्येकात अवघ्या दहा पेशी, आणि औषध फक्त तिथेच तयार होतं. सुकलेल्या पाल्यात त्याचं प्रमाण बहुतेक वेळा एक टक्क्याच्या खालीच.

नेमका प्रश्न काय होता

जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ मध्ये आर्टेमिसिनिनवर आधारित संयुक्त उपचाराची शिफारस केली. मागणी वाढली आणि पुरवठा मात्र लागवडीच्या गतीनं चालणारा. बी पेरल्यापासून गोळी तयार होईपर्यंत सव्वा ते दीड वर्ष जातं. त्यामुळे भाव चढला की शेतकरी लागवड वाढवायचे, माल बाजारात येईपर्यंत भाव कोसळलेला असायचा, मग लागवड बंद आणि पुन्हा टंचाई. २००५ च्या सुमारास किलोचा भाव हजार डॉलरच्या वर गेला, २००७ मध्ये तो दोनशेच्या आसपास आला, आणि २०११ मध्ये पुन्हा हजाराला टेकू लागला.

हे बारकाईनं पाहायला हवं, कारण पुढचं सगळं इथून फुटतं. झाड औषध देत नाही, अशी तक्रार नव्हती. दुखणं होतं ते या हेलकाव्यांचं. टाकीतून येणारा माल हंगामावर अवलंबून नसेल, म्हणून भाव स्थिर राहील, हा यीस्ट प्रकल्पामागचा विचार होता. पण हेलकाव्यावरचा उपाय विकायचा तर गिऱ्हाईकाला हेलकाव्याची भीती असावी लागते. भाव पडलेला असताना ती कोणालाच नसते.

डिसेंबर २००४ मध्ये गेट्स फाउंडेशननं या कामासाठी ४ कोटी २६ लाख डॉलर दिले. इन्स्टिट्यूट फॉर वनवर्ल्ड हेल्थ ही ना-नफा औषधसंस्था, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातली जे किसलिंग यांची प्रयोगशाळा आणि तिथूनच निघालेली अमायरिस कंपनी, असे तीन भागीदार. या वापरासाठी स्वामित्वशुल्क घ्यायचं नाही, हे आधीच ठरलेलं होतं.

यीस्टची घडण

सुरुवात यीस्टनं झाली नव्हती. २००३ मध्ये किसलिंग यांच्या गटानं ई. कोलाय जिवाणूत यीस्टचा मेव्हॅलोनेट मार्ग, म्हणजे अशा रेणूंचा कच्चा माल बनवणारी रासायनिक साखळी, बसवून अॅमॉर्फाडाइन मिळवलं होतं. हा आर्टेमिसिनिनच्या वाटेवरचा पहिला खास थांबा. पुढच्या ऑक्सिडीकरणासाठी लागणारं विकर (एन्झाइम) पी४५० कुळातलं, पेशीतल्या पटलांवर बसून काम करणारं. ते जिवाणूपेक्षा यीस्टला जास्त मानवतं. शिवाय यीस्टकडे फार्नेसिल पायरोफॉस्फेट हा १५ कार्बनचा कच्चा माल आधीपासूनच असतो. त्यापासून ते स्वतःच्या पेशीपटलासाठी एर्गोस्टेरॉल बनवतं. म्हणजे काम कालवा फोडण्याचं होतं: एर्गोस्टेरॉलकडे जाणारा प्रवाह अडवायचा आणि अॅमॉर्फाडाइनकडे वळवायचा. पूर्ण अडवला तर यीस्ट मरतं, म्हणून झडप लागते.

२००६ मध्ये याच गटानं यीस्टमधून आर्टेमिसिनिक आम्ल मिळवलं, लिटरमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत. सीवायपी७१एव्ही१ हे पी४५० विकर एकटंच तीन ऑक्सिडीकरणं ओढून नेतं, असं त्यांनी दाखवलं. विकराचं जनुक अर्थातच झाडाच्या ग्रंथिल केसांतून आलेलं.

१०० मिलिग्रॅमपासून २५ ग्रॅमपर्यंतचा प्रवास या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे, आणि नेमका तोच बातम्यांत येत नाही. एक छोटं उदाहरण बघा. एर्गोस्टेरॉलच्या वाटेवरची झडप प्रयोगशाळेत मेथिओनिन टाकून बंद केली जायची. चंबूत हे चालतं, मोठ्या टाकीत मेथिओनिनच्या खर्चानंच दिवाळं निघेल. म्हणून झडपेचं नियंत्रण बदलून तांब्याच्या क्षारावर, म्हणजे चक्क मोरचुदावर, आणलं गेलं. याला वैज्ञानिक शोध म्हणवत नाही, पण अशा बदलांशिवाय कारखाना उभा राहत नाही.

यीस्टचा वाणही बदलला. २०१२ पर्यंत नव्या वाणातून अॅमॉर्फाडाइन लिटरमागे ४० ग्रॅमच्या वर मिळू लागलं. पण पुढचं पी४५० विकर जोडलं की उत्पादन धाडकन खाली यायचं आणि पेशी मरू लागायच्या. घोडं इथे पेंड खात होतं. पी४५० ला इलेक्ट्रॉन पुरवणारं एक जोडीदार प्रथिन लागतं. दोघांचा मेळ बसला नाही तर इलेक्ट्रॉन वाया जातात, त्यातून ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि पेशी आतून जळते. निसर्गात पी४५० भरपूर आणि जोडीदार थोडे असतात, यीस्टमध्ये मात्र जोडीदाराचा भडिमार झालेला. तो कमी केला आणि झाडातलंच सायटोक्रोम बी५ हे साहाय्यक प्रथिन आणून बसवलं. उत्पादन सुधारलं, पण आता मधला आर्टेमिसिनिक अॅल्डिहाइड साचू लागला, आणि तोही पेशीला जाचक. त्यावर उत्तर म्हणून झाडातली आणखी दोन विकरं आणली. एक अल्कोहोलपासून अॅल्डिहाइड करणारं, दुसरं अॅल्डिहाइडपासून आम्ल करणारं. यातली महत्त्वाची जनुकं कॅनडातल्या सस्कटून इथल्या पॅट्रिक कोवेलो यांच्या गटानं ग्रंथिल केसांत सक्रिय असलेल्या जनुकांमधून हुडकून काढली होती.

म्हणजे २००६ मध्ये ‘एकच विकर तिन्ही पायऱ्या करतं’ असं दिसलं होतं ते खोटं नव्हतं, पण झाड तसं करत नाही. झाडानं त्या कामाला वेगळे गडी ठेवले आहेत. यीस्टमध्ये त्या गड्यांवाचून काम होत होतं, पण १०० मिलिग्रॅमपुरतंच.

पुढची अडचण अगदी स्थूल. आम्ल इतकं तयार झालं की टाकीत पेशींच्या बाहेर त्याचे स्फटिक दिसू लागले. मग आयसोप्रोपिल मिरिस्टेट हा तेलकट द्रव वर ओतून आम्ल त्यात विरघळवून घेतलं. या सगळ्याची बेरीज म्हणजे लिटरमागे २५ ग्रॅम.

शेवटची पायरी उजेडाची

आर्टेमिसिनिक आम्ल म्हणजे आर्टेमिसिनिन नव्हे. मधे तो पेरॉक्साइडचा पूल बांधायचा राहतो. इथे झाड एक गंमत करतं. पूल बांधायला त्याला विकर लागत नाही. अॅल्डिहाइडच्या टप्प्यावरच झाड एक दुहेरी बंध हायड्रोजननं भरून घेतं, त्यातून डायहायड्रोआर्टेमिसिनिक आम्ल बनतं, आणि त्यापुढचं काम पानातला ऑक्सिजन आणि ऊन आपोआप करतात, असं आजवरचे पुरावे सांगतात. मग यीस्टमध्ये घालायला जनुक तरी कुठलं शोधणार?

त्यामुळे सूत्रं रसायनशास्त्रज्ञांकडे गेली. आधी आम्लातला तोच दुहेरी बंध हायड्रोजननं भरायचा, आणि तोही हव्या त्या बाजूनं. बाजू चुकली तर त्या जागी रेणूची मांडणी उलटी होते आणि तो निरुपयोगी ठरतो. नंतर एकेरी अवस्थेतला ऑक्सिजन द्यायचा. हा ऑक्सिजनचा चेतवलेला, अल्पायुषी अवतार. तो रेणूवर हायड्रोपेरॉक्साइड बसवतो. मग आम्लाच्या उपस्थितीत एक कडी तुटते, हवेतला साधा ऑक्सिजन आत शिरतो, कड्या नव्यानं जुळतात आणि पूल तयार होतो. २०१३ च्या निबंधात दिव्यांची खास उपकरणं टाळून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मॉलिब्डेटपासून हा ऑक्सिजन मिळवला होता, आणि एकूण उतारा ४० ते ४५ टक्के पडला.

प्रत्यक्ष कारखाना चालवणाऱ्या सॅनोफी या औषधकंपनीनं मात्र उजेडाचीच वाट धरली. इटलीतल्या गारेसिओ इथल्या कारखान्यात पाऱ्याचे दिवे, प्रकाश शोषून ऊर्जा ऑक्सिजनला देणारं टेट्राफेनिलपॉर्फिरिन आणि बाजू राखून हायड्रोजन देणारा रुथेनियमचा उत्प्रेरक, अशी मांडणी होती. उतारा ५५ टक्क्यांच्या आसपास. प्रकाशरसायन चंबूत सोपं असतं. मोठ्या भांड्यात उजेड आतपर्यंत पोचत नाही, म्हणून औषधउद्योग त्याच्या वाटेला क्वचितच जातो. गारेसिओची ही कामगिरी माझ्या मते यीस्टच्या कामगिरीच्या तोडीची आहे. श्रेय वाटताना मात्र ती बहुतेकदा तळटीपेत जाते.

कारखाना चालला, माल अडला

किण्वनाचं काम बल्गेरियात ह्युवेफार्मा कंपनीकडे, रसायनाचं गारेसिओत. २०१३ मध्ये ३५ टन आणि पुढे वर्षाला ५० ते ६० टन, असा सॅनोफीचा बेत. तेवढ्यात ८ ते १५ कोटी रुग्णांचे उपचार निघतात असं गणित होतं. मे २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या अर्धसंश्लेषित आर्टेमिसिनिनला पूर्वपात्रता दिली. ऑगस्ट २०१४ मध्ये त्यापासून बनलेले १७ लाख उपचार आफ्रिकेतल्या देशांकडे रवाना झाले.

ना नफा ना तोटा या तत्त्वावरही सॅनोफीचा भाव किलोला ३५० ते ४०० डॉलर बसत होता. २०११ च्या हजार डॉलरच्या तुलनेत तो स्वस्त होता. पण तोवर झाडापासून मिळणारा माल अडीचशे डॉलरच्या खाली आलेला. चढ्या भावाच्या दिवसांत वाढलेली लागवड बाजारात उतरली होती.

इथे गोळी बनवणाऱ्या कंपन्यांच्या जागी बसून बघावं. समोर दोन माल, रासायनिकदृष्ट्या एकच. एक अडीचशेच्या खाली, अनेक विक्रेत्यांकडून मिळणारा. दुसरा साडेतीनशेचा, एकाच विक्रेत्याकडचा, आणि तो विक्रेता स्वतः हिवतापाच्या गोळ्याही विकतो, म्हणजे प्रतिस्पर्धीच. पुढे कधी टंचाई आलीच तर उपयोगी पडेल म्हणून आज शंभर डॉलर जास्त कोण मोजेल? तो विमा होता, आणि विम्याचा हप्ता भरण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. हा हप्ता देणगीदारांनी किंवा औषधखरेदी करणाऱ्या आंतरराष्ट्रीय निधींनी भरायला हवा होता, असं माझं मत आहे. टाकीचं तंत्र उभारायला ज्यांनी पैसा दिला, त्यांनी ती टाकी चालू ठेवण्याच्या खर्चाचं गणित त्याच वेळी मांडायला हवं होतं.

उलट बाजूची तक्रारही हलकी नाही. चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिकेत हजारो छोटे शेतकरी हे पीक घेतात. टाकी पूर्ण ताकदीनं चालली असती तर भाव स्थिर होण्याऐवजी त्यांचं पीकच उठलं असतं, असा आक्षेप ईटीसी ग्रुपसारख्या संस्थांनी घेतला होता. टाकी पूरक म्हणून राहणार की जागा घेणार, याचं खात्रीचं उत्तर प्रकल्पाकडे नव्हतं.

झाड थांबलं नव्हतं

लिटरमागे २५ ग्रॅम हे लक्ष्य ठरवताना झाडाचं उत्पादन जणू स्थिर धरलेलं होतं. पण गेट्स फाउंडेशनच्याच पैशातून यॉर्क विद्यापीठात डायना बोल्स आणि इयन ग्रॅहम यांचा गट झाडावर काम करत होता. २०१० मध्ये त्यांनी ‘सायन्स’मध्ये या वनस्पतीचा जनुकीय नकाशा प्रसिद्ध केला, आणि त्यातून पारंपरिक संकराच्याच पद्धतीनं जास्त उताऱ्याचे वाण निघाले. जनुकं बाहेरून घातलेली नव्हती, फक्त नकाशा पाहून आईबाप निवडलेले. म्हणजे एकाच देणगीदारानं शर्यतीत दोन्ही बाजूंना पैसा लावला होता. यात मला विसंगती दिसत नाही, उलट शहाणपणच दिसतं.

२०१८ मध्ये शांघाय जिआओ तोंग विद्यापीठाच्या गटानं या वनस्पतीचा जनुकसंच वाचला. सुमारे १.७४ अब्ज अक्षरं आणि ६३ हजारांहून अधिक जनुकं. त्याच निबंधात तीन जनुकांची अभिव्यक्ती वाढवलेल्या जनुकपरिवर्तित झाडात आर्टेमिसिनिनचं प्रमाण सुक्या वजनाच्या ३.२ टक्क्यांवर गेलं. त्याआधी, २०१६ मध्ये, जर्मनीतल्या गोल्म इथल्या माक्स प्लांक संस्थेत तंबाखूच्या झाडात आर्टेमिसिनिक आम्ल बनवून दाखवलं होतं, म्हणजे टाकीही नको आणि मूळ झाडही नको अशी तिसरी वाट.

यीस्टची शाळाही बंद पडली नाही. २०२२ मध्ये किसलिंग यांच्याच गटानं कर्करोगावरच्या व्हिनब्लास्टिनचे दोन घटक यीस्टमध्ये बनवले. त्यासाठी वनस्पतींची ३४ जनुकं घालावी लागली, आणि उतारा लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये आहे. २०२४ मध्ये लसींची ताकद वाढवणारं क्यूएस-२१ हे सॅपोनिनही यीस्टमध्ये तयार झालं. या बातम्या वाचताना मी आता आधी एकक बघतो. मायक्रोग्रॅम ते ग्रॅम हा पल्ला आर्टेमिसिनिनच्या वेळच्या पल्ल्याहून कितीतरी लांब आहे.

सायटोक्रोम बी५ चा धडाही पुन्हा समोर आला. टॅक्सॉल या कर्करोगाच्या औषधाचा पूर्वपदार्थ असलेला बॅकाटिन-३ बनवण्याची वाट कित्येक वर्षं अर्धवट होती. पहिल्या ऑक्सिडीकरणाशीच गाडं अडायचं, भलतेच पदार्थ तयार व्हायचे. २०२५ मध्ये स्टॅनफर्डमधल्या एलिझाबेथ सॅटली यांच्या गटानं ज्या झाडातून टॅक्सॉल मिळतं त्या यू (टॅक्सस) झाडाच्या पेशींत फोटो१ नावाचं एक साहाय्यक प्रथिन शोधलं. ते शेजारी असलं की ऑक्सिडीकरण सरळ रेषेत होतं. १७ जनुकं एकत्र करून तंबाखूच्या भाऊबंदात त्यांनी बॅकाटिन-३ मिळवलं. मुख्य विकर हाती असूनही ज्याच्यावाचून काम अडत होतं, तो गडी याही वेळी झाडातच सापडला.

गारेसिओतल्या दिव्यांचं काय झालं? पॉट्सडॅममधल्या माक्स प्लांक संस्थेत पीटर सीबर्गर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तोच प्रकाशाचा टप्पा दिव्याभोवती गुंडाळलेल्या बारीक नळीतून, अखंड वाहत्या प्रवाहात करून दाखवला होता. हेतू यीस्टकडून येणारं आम्ल वापरण्याचा. २०१८ मध्ये याच गटानं नळीला आर्टेमिसियाच्या पाल्याचा कच्चा हिरवा अर्क जोडला. त्यात रूपांतर न झालेलं डायहायड्रोआर्टेमिसिनिक आम्ल असतं, जे एरवी वाया जातं. प्रकाश शोषायला वेगळं पॉर्फिरिनही घालावं लागलं नाही. ते काम अर्कातल्या हरितद्रव्यानंच केलं.